मैदानाचा ठराव

नगरसेविका वृंदा खैरमोडे दर रविवारी प्रभागाच्या ग्रुपवर कामांची माहिती टाकायची.

या रविवारी एक अनोळखी माणूस पेढे घेऊन घरी आला. "ताई, मैदानाबद्दल काही लिहू नका," तो हसून म्हणाला. "तुमची मुलगी तिथूनच एकटी क्लासला जाते ना?"

तो गेल्यावर तरीही तिने ग्रुपवर लिहिलं, "मंगळवारच्या महासभेत आपलं मैदान बिल्डरला देण्याचा ठराव येतोय. विरोध करायला सगळे या."

एरवी लगेच अंगठे यायचे. आज एकेक जण ग्रुप सोडू लागला. आधी शेजारचे देशमाने काका, मग मंडळाची पोरं. शेवटी नवऱ्यानेही सोडला. तो आतल्याच खोलीत होता.

"अहो," तिने हाक मारली.

आतून कडी लागली.