इद्दतीतला सुगंध

कनौजचा अत्तरकार मुनीर निवर्तला. इद्दतीच्या, म्हणजे विधवेच्या शोककाळाच्या, नियमानुसार त्याची पत्नी नुजहत हिने सुगंध वर्ज्य केला. तरीही तिच्या केसांतून प्रथम चंदन दरवळले, आणि काही दिवसांनी गुलाब.

"दुल्हन, माझ्या लेकाच्या कबरीची माती सुकली नाही, आणि तुला नटायचं सुचतंय?" सासू म्हणाली.

"अम्मी, तीनदा न्हाले. तुम्हीच हुंगून बघा."

मुनीरच्या अत्तरातला केवडा आधी उडे, मग गुलाब. चंदन केसांत अखेरपर्यंत राही. येथे क्रम उलटा चालला होता.

चाळिसाव्या दिवशी नुजहतच्या मानेवर, मुनीर बोटाने अत्तर लावी तिथेच, केवडा आला. तो त्वचेवर चार श्वासच टिकतो, लावणाऱ्याने बोट उचलेपर्यंत.

सासूने वाकून श्वास मोजले. पाचव्यालाही केवडा होता.

"मुनीर," ती हळूच म्हणाली, "बोट उचलू नकोस, बेटा."