थांबवलेले महिने

शिफ्टआधी कारखान्यातल्या अकरा गरोदर बायका कंपनीच्या दवाखान्यात रांगेत उभ्या होत्या. दर सोमवारी एक इंजेक्शन घेतलं की पोटातलं बाळ आठवडाभर वाढायचं थांबे. ऑर्डर पुरी झाल्याशिवाय इंजेक्शन बंद होत नसे आणि बाळंतपणाची रजाही मिळत नसे. वैजयंताला सातवा महिना लागून सव्वा वर्ष झालं होतं.

“मी आज घेणार नाही, सिस्टर,” ती म्हणाली. “वेळेवर झालं असतं तर वर्षाचं असतं माझं बाळ.”

“दिवाळीनंतर बघू,” म्हणत मॅनेजर खांबेटेंनी तिचा दंड पिरगाळला. “टोचा हिला.”

वैजयंताने त्यांच्या मनगटाचा लचका तोडला. त्यांनी तिला कपाटावर आदळलं, तशी रांग त्यांच्यावर तुटून पडली. रांगेतल्या जुबेदाने स्टूल उचलून त्यांच्या तोंडावर हाणलं, मग फ्रिजमधल्या इंजेक्शनच्या बाटल्यांवर. रक्ताळलेले खांबेटे जमिनीवरून ओरडले, “सिस्टर, एक तरी बाटली वाचवा!”

सिस्टरच्या हातात शेवटची बाटली होती. तिने ती खाली टाकली आणि बुटाखाली चिरडली.

“अकरा जणींची बाळंतपणाची रजा मंजूर करा, साहेब,” ती म्हणाली.