सोमवारची रेघ

"सकाळी सहाला ही रेघ कुणी चढवली, मॅडम? मी तर तवा दुकान उघडतबी न्हाय." मल्लिनाथने कागद सगळ्यांना दिसेल असा वर धरला.

गंगम्माच्या अंगणात गल्लीतले दहा-बारा जण जमले होते. गंगम्मा स्वतः भिंतीला टेकून, मांडीवर दम्याचा पंप. डॉक्टरांनी हवा बदलायला सांगितलं होतं. रविवारी भाऊ तिला अणदूरला न्यायला येणार होता. धाराशिवचं हे घर सोडायचं तिच्या जिवावर आलं होतं.

कॉलेजात शिकवणाऱ्या क्षमाने महिन्यापूर्वी शेजारच्या शिवकांताच्या गच्चीवर हवा मोजायचं यंत्र बसवलं, ते गंगम्माला कुठला धूर बाधतो हे शोधायलाच. कागदावर रोजच्या धुराची रेघ दोनदा चढत होती, सकाळी सहाला आणि दुपारी चारला. चारला मल्लिनाथ दुकानापुढं रिकामी खोकी जाळतो, हे सगळ्यांना ठाऊक होतं. सहाचं कोडं मात्र क्षमालाही सुटलं नव्हतं.

"यंत्रच खोटं," मल्लिनाथ म्हणाला.

"न्हाय बाबा." शिवकांता पदर सावरत उठली. "सहाची रेघ माझी हाय."

"तुमची, काकू?" क्षमाने विचारलं.

"गंगम्माच्या जिवासाठी आलेली वस्तू. पयल्या दिवशीच विभूती लावली. तवापासून रोज पूजा झाली की तिच्यापुढं चार उदबत्त्या लावते. नेमच धरलाय."

"आरतीबी म्हणता का?" कुणीतरी विचारलं.

"म्हणते की."

सगळे हसले. क्षमाने कपाळावर हात मारला, मग तीही हसली.

"म्हंजी देवाचा धूरबी मोजतंय व्हय हे?" मल्लिनाथ.

"त्याला काय कळतंय, देवाचा का खोक्याचा?" शिवकांता हळूच म्हणाली. "छातीलाबी कळत न्हाय. उद्यापासून नुसतं बेलाचं पान ठेवीन."

"मग चारची रेघबी अशीच कुणाच्या तरी चुलीची असंल," मल्लिनाथ म्हणाला.

क्षमाने कागदावर चार ठिकाणी बोट ठेवलं. "हे चार सोमवार. दुपारी चारला रेघ सपाट आहे बघा. सोमवारी तुमचं दुकान बंद असतं, मल्लिनाथभाऊ."

गंगम्मा त्या सपाट जागेकडे बघत राहिली.

"सोमवारी मी आडवी होऊन झोपते," ती म्हणाली. "बाकीच्या दिवशी बसून. मला वाटायचं, महादेवाचा वार हाय, त्योच छाती हलकी करतोय."

मल्लिनाथने कागद खाली घेतला. गल्लीच्या टोकाला, दुकानापुढं, त्याची बायको खोक्यांचा ढीग रचून काडेपेटी घेऊन वाकली होती.

"गायत्री!" तो तिथूनच ओरडला. "काडी ओढू नको. सुतळी आण, खोकी बांधून रद्दीत देऊ!"