जतन करा

“बाबा, दाबा ना. एकदाच दाबा.”

वडिलांनी मूठ मिटून घेतली. अर्धांगाच्या झटक्यात वाचा गेली होती, उजवी बाजू गेली होती. डावा हात तेवढा चालत होता, आणि तोच त्यांनी छातीशी धरून ठेवला होता. पलंगाला अडकवलेल्या यंत्राच्या पडद्यावर मोठमोठ्या चौकटी होत्या. चौकटीवर बोट ठेवलं की यंत्र त्यांच्या वतीने बोलणार होतं. पण ते बोटच लावत नव्हते. त्यात त्यांनी पाणीही सोडलं होतं. आईने चमचा जवळ नेला की ओठ घट्ट. गिळता येत होतं, गिळायचं नव्हतं. सकाळी डॉक्टर सांगून गेले होते की संध्याकाळपर्यंत पोटात पाणी गेलं नाही, तर नाकातून नळी घालावी लागेल.

मुलगी सॉफ्टवेअरवाली. जगात जे काही अडतं ते सेटिंगमध्ये अडतं, अशी तिची पक्की समजूत. यंत्राची सगळी वाक्यं, आवाज, वेग एका फाइलमध्ये होते आणि ती फाइल भारी नखरेल होती. एक स्वल्पविराम सुटला की यंत्र मुकं. आपण नोकरीवर परत गेल्यावर आईने काय करायचं, म्हणून तिने एक वेबपेज बनवलं होतं. मोबाइलवर उघडायचं, रकान्यात हवं ते लिहायचं. चुकलं तर रकाना लाल होतो. बरोबर असेल तर खालचं ‘जतन करा’ दाबायचं, की पलंगावरचा पडदा लगेच बदलतो.

दुपारभर ती त्या पेजशी झटत होती. चौकटी मोठ्या केल्या. अक्षरं जाड केली. बोट किती वेळ टेकवायचं, तो वेळ कमी केला. आवाज चढवला, उतरवला. दर वेळी जतन आणि दर वेळी, “बाबा, आता बघा.” मूठ काही उघडेना.

वाक्यं तर तिने किती मायेने लिहिली होती. अगदी त्यांच्या तोंडची. ‘ए, पाणी आण.’ ‘कुठे मेलीस?’ ‘पंखा लाव, किती वेळा सांगायचं?’ हे गृहस्थ जन्मभर असेच बोलत आले होते आणि घर त्या आवाजावर ऊठबस करत होतं. स्वतःचंच बोलणं ऐकून त्यांना धीर येईल, असं तिला वाटलं होतं. पहिल्यांदा तिने ‘ए, पाणी आण’ वाजवून दाखवलं, तेव्हा आई सवयीने ताडकन उठली होती. वडिलांनी डोळे मिटून घेतले होते. थकले असतील, असं मुलीला वाटलं.

शेवटी तिने मोबाइल आईच्या मांडीवर टाकला. “मला नाही जमत गं आई. तूच लिही काहीतरी.”

“मी? मला काय कळतंय त्यातलं?”

“बिघडलं तर बिघडू दे.” एवढं बोलून ती मोरीत गेली आणि नळ सोडून ढसाढसा रडली.

ती तोंड धुऊन आली तेव्हा आई चष्मा लावून, ओठ हलवत, एकेक अक्षर शोधून दाबत होती. हळूहळू सगळे रकाने भरले. एकही लाल नव्हता. मुलीने वाकून वाचलं आणि कपाळावर हात मारला.

“अगं आई, हे काय? यंत्र बाबांचं आहे. ते तुझ्याशी बोलणार आहेत. हे तर तू त्यांच्याशी बोलतेस, तसं झालं!”

आईने जीभ चावली. “अगंबाई, खरंच की! लिहायला बसले आणि हात आपसूक तसाच गेला. पुसून टाक बाई आधी. यांना वाटेल, मी थट्टा करतेय.”

“पुसते. दे इकडे.”

पण आईने ‘जतन करा’ केव्हाच दाबलं होतं. पडदा बदलला होता आणि वडील तो वाचत होते. खूप वेळ वाचत होते. मग ती मूठ सुटली. बोट पुढे आलं आणि पहिल्या चौकटीवर टेकलं.

“अहो,” यंत्र म्हणालं, “दमला नसाल तर घोटभर पाणी देता का?”

आईने चटकन मागे वळून पाहिलं, कोणाला हाक मारली ते.