चंद्रोदय नऊ बारा

संध्याकाळी शारजातल्या मराठी मंडळात हेमचंद्रने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, झकास भाषण ठोकलं. "पहिल्या यानांची गणितं बायकांनी कागद-पेन्सिलीवर केली. अंतराळवीर म्हणाला, मशीनचं उत्तर आधी त्यांच्यातल्या त्या हुशार बाईंना तपासू दे, मगच मी उडतो!" पहिली टाळी माझी.

त्याच दिवशी संकष्टी, दोघांचाही उपास. कॅलेंडरवर वेळ पुण्याची, म्हणून शारजातल्या आमच्या अल मजाज भागाचा चंद्रोदय मी, गणिताच्या टीचरने, वहीत आकडेमोड करून काढला. नऊ बारा.

बरोबर नऊ बाराला बाल्कनीतून आमची ओवी ओरडली, "बाबा, द मून इज आउट!" मी मोदकांचं ताट पुढे केलं.



मोबाइलमधून डोकं वर न काढताच हेमचंद्रने मला अडवलं, "थांब गं, ॲपवर अजून उगवला नाहीये."