बरडावरचा हिवर

हिवर मुळासकट वर आला आणि निवृत्तीला हायसं वाटलं. एवढ्याशा झुडपासाठी मशीन कशाला बोलावलं, असं जेसीबीवाला हसत म्हणाला. निवृत्ती हसला नाही. त्याच झुडपानं त्याच्या मायचा पाय जायची वेळ आणली होती.

साखरखेर्ड्याजवळच्या त्या बरडावर नुसता मुरूम, कुसळं आणि हा एकटा हिवर. शेळ्यांनी शेंडे खुडून खुडून त्याला कधी झाड होऊच दिलं नाही. तरी भादव्यात पठ्ठ्या पिवळट फुलांनी लदबदून जायचा, मधमाश्यांना तर सणच. हिवराच्या सावलीत शहाणं माणूस बसत नाही म्हणतात. त्याची माय कोकिळाबाई मात्र फुलोरा आला की तिथंच जाऊन बसायची. तोडायचं नाव काढलं की घरात अबोला. म्हातारीनं हिवर दत्तक घेतला, अशी गावात थट्टा चालायची.

यंदा तिच्या टाचेत काटा मोडला. शुगर आधीचीच, पाय सुजला, पू झाला. कापावा लागेल असं डॉक्टर बोलले. पाय कसाबसा वाचला. मलमपट्टीसाठी ती डोणगावला लेकीकडे राहिली, तेवढ्यात निवृत्तीनं काम उरकलं. जागा खणून सपाट केली, कडुनिंबाचं रोप लावलं, त्याला हिवराच्याच काट्यांचं कुंपण घातलं. माय थोडे दिवस फुगून बसेल, मग निंबाखाली बसेल, असा त्याचा अंदाज.

कोकिळाबाई परतली ती लंगडत थेट बरडावर. रागावली नाही. खणलेला मुरूम कुठं टाकला, एवढंच तिनं विचारलं. पांदणीच्या वाटेवरल्या खड्ड्यांत भरला, निवृत्ती म्हणाला. ती तिथंच खाली बसली. मग कुंपणातली एक काटी ओढून तिनं उघड्या जमिनीवर ठेवली, शेजारी दुसरी ठेवली. हाताला रक्त आलं तरी थांबेना.

निवृत्तीनं तिचा हात धरला. "आता कशाले काट्या टाकून राह्यली, माय? हिवर गेला ना."

"कोल्ह्यानं उकरू नये म्हून तुह्या बापानं अशाच टाकल्या होत्या, लेका. त्याच्यातलीच शेंग रुजली. तुह्या जिवाले भ्या वाटे म्हून तुले कधी सांगतलं नाही. तुह्या आधीचं लेकरू इथं निजलं होतं."