उंच उंबरा

"पहार दे," दत्ताराम बायकोला म्हणाला. गल्लीतलं पाणी ओसरलं होतं, घरातलं मात्र तसंच होतं.

समोरच्या मैदानावर टॉवर उभा राहिला, सगळीकडे काँक्रीट झालं आणि मैदानात मुरणारं पाणी गल्लीत शिरायला लागलं. म्हणून गेल्या वर्षी त्यानंच उंबरा गुडघ्याएवढा उंच बांधला. यंदा पाणी मोरीतून वर आलं आणि उंबऱ्यामुळे आतच कोंडलं.

उंबरा फुटला तसं पाणी बाहेर धावलं. खाटेवर पाय वर घेऊन बसलेली आई बघत होती. तिचे गुडघे धरलेले. उंबरा वाढल्यापासून ती घराबाहेर पडली नव्हती.

"उद्याच सिमेंट आणून परत बांधतो," तो म्हणाला.

"बांध रे," आई म्हणाली. "पण घाई नको करूस. दोन दिवस मला दारात बसू दे."